मैदानावरची शिवी आणि मैदानाबाहेरचे मौन

मैदानावर जे घडते ते मैदानावरच राहावे, असे एक वचन व्यावसायिक खेळाडूंच्या तोंडी गेली कित्येक वर्षे आहे. ते ऐकताच अनेकांच्या माना डोलतात. त्यात मर्दपणा आहे, दिलदारी आहे, आतली गोष्ट आत ठेवण्याचा खानदानीपणा आहे, असे त्यांना वाटते. आमचे मत नेमके उलट आहे. आयुष्याची वीस-बावीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात गेल्यामुळे असेल, पण हे वचन आमच्या कानांना फार ओळखीचे वाटते. घरातले घरातच राहावे, जातीतले जातीतच राहावे, पेढीवरचे पेढीवरच राहावे, ही सारी त्याचीच भावंडे होत. अशा वचनांच्या आडोशाला कोण उभा असतो आणि कोणाचा आवाज दाबलेला असतो, हे वकिलास निराळे सांगावे लागत नाही.

क्रिकेटच्या बोलीत ज्यास 'स्लेजिंग' म्हणतात, त्या प्रकाराविषयी आम्ही लिहीत आहोत. प्रतिस्पर्ध्याचे चित्त ढळावे म्हणून त्यास डिवचणे, त्याच्या बायकोमुलांवरून, वर्णावरून, आजारपणावरून बोलणे, प्रसंगी हातपाय मोडण्याची धमकी देणे, हे सर्व त्या एका शब्दात येते. ऑस्ट्रेलियाचा एकेकाळचा कर्णधार स्टीव्ह वॉ याच्या काळात त्यास 'मानसिक विघटन' असे भारदस्त नाव मिळाले. नाव भारदस्त झाले म्हणून वस्तू बदलत नाही. आमचा झगडा या शिवीशी आहेच; परंतु त्याहून अधिक तो शिवीच्या रक्षणार्थ पाळल्या जाणाऱ्या मौनाशी आहे. शिवी एका क्षणात विरते. मौन मात्र माणसाला कायमचा खोटा साक्षीदार करून सोडते.

प्रथम कैवाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेऊ. त्यांचा पहिला मुद्दा असा की, जो मैदानात उतरला त्याने हे सारे पत्करलेच आहे. ज्याची कातडी पातळ असेल त्याने घरी बसावे. हा मुद्दा संमतीचा आहे आणि संमतीचे शास्त्र कायद्याने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. 1860 च्या दंड संहितेचे 87 वे कलम, जे आता 2023 च्या भारतीय न्याय संहितेत 25 वे कलम म्हणून नांदते, संमतीने झालेल्या दुखापतीस अपराध मानत नाही. त्या कलमाखाली जे उदाहरण दिले आहे ते खेळाचेच आहे. दोन इसम करमणुकीखातर तलवारबाजी खेळण्याचे ठरवतात. या ठरावात खेळाच्या ओघात, लबाडीवाचून होणारी इजा सोसण्याची संमती अध्याहृत असते. वाचकांनी दोन अटींकडे लक्ष द्यावे: खेळाच्या ओघात आणि लबाडीवाचून. बरगडीवर आदळणारा चेंडू खेळाच्या ओघात येतो. आजारी मुलावरून काढलेले उद्गार कोणत्या खेळाच्या ओघात येतात? फलंदाजाने चेंडू खेळण्यास संमती दिलेली असते. आपली आई, बायको आणि वर्ण यांची विटंबना ऐकण्यास त्याने कोणत्या कागदावर सही केली? मैदानाबाहेर, भर रस्त्यात, दुसऱ्याने शांतता मोडावी अशा हेतूने त्याचा अपमान केला तर आमची न्याय संहिता 352 व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. मैदानाभोवती चुन्याची रेघ आखली की हा कायदा बाहेर थांबतो, असे आम्हास कोणी दाखवून दिलेले नाही.

दुसरा मुद्दा विनोदाचा. काही थोर खेळाडूंची चटकदार वाक्ये सांगून हे लोक विचारतात, एवढीही गंमत नको काय? गंमत अवश्य असावी. कोटी आणि टोमणा यांवर ज्या समाजाची निम्मी करमणूक चालते, त्या समाजात जन्मून आम्ही विनोदाशी वैर धरू, हे संभवत नाही. परंतु विनोद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. जो विनोद असतो तो माणूस सायंकाळी घरी जाऊन मुलांना सांगतो. जे सांगताना जीभ अडखळते आणि 'मैदानावरचे मैदानातच' या वचनाचा आसरा घ्यावा लागतो, ते विनोद नसते. उजेड पाहताच दडून बसणाऱ्या वस्तूस आम्ही गंमत म्हणण्यास तयार नाही.

तिसरा मुद्दा पुरुषार्थाचा: ही कठोर माणसांची स्पर्धा आहे, येथे मवाळपणाला जागा नाही. यास उत्तर इतिहासानेच दिले आहे. 1970 आणि 1980 च्या दशकांत वेस्ट इंडीजच्या ज्या वेगवान गोलंदाजांनी जगातील फलंदाजांची झोप उडवली, ते बहुधा एक शब्द न बोलता परत आपल्या खुणेपर्यंत चालत जात. मायकेल होल्डिंग याची ख्याती तर पावलांचाही आवाज न होण्याची. आमच्या तालमीतही आव्हान असते. पण ते शड्डू ठोकून देतात. मांडीवर थाप पडली की सारे बोलून झाले. पुढचे डावाने बोलायचे. ज्याच्या अंगी डाव असतो त्यास जिभेची कुमक लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या मौनाची खरी किंमत काय, हे दोन प्रकरणांवरून दाखवता येईल. दोन्ही प्रकरणांत न्यायासनाने 'काय बोलले गेले?' एवढाच साधा प्रश्न विचारला होता.

पहिले प्रकरण 2008 चे. जानेवारीत सिडनी येथील कसोटीत हरभजनसिंगाने अँड्र्यू सायमंड्स यास 'माकड' म्हटले, असा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्यास तीन कसोट्यांची बंदी केली. भारतात संतापाची लाट उसळली, दौरा अर्ध्यावर सोडण्याची भाषा सुरू झाली, आणि अखेर न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यापुढे अॅडलेड येथे अपील चालले. पंचांनी काही ऐकले नव्हते. ज्यांनी ऐकले ते एका संघाचे होते आणि ज्यांनी नाकारले ते दुसऱ्या संघाचे. बचावपक्षाकडून असेही सुचवण्यात आले की, उच्चारलेला शब्द वर्णावरून नव्हता, तर आईवरून दिली जाणारी आपल्याकडची नित्याची हिंदी शिवी होती. वाचकहो, क्षणभर थांबून या बचावाची जात पाहा. मातेचा अपमान हा आमच्या निर्दोषत्वाचा पुरावा ठरला! न्यायमूर्तींनी वांशिक अपमानाचा आरोप सिद्ध होत नसल्याचे ठरवले, बंदी उठवली आणि अपशब्दाबद्दल सामन्याच्या मानधनाच्या 50 टक्के दंड केला. पुढे असे निष्पन्न झाले की, हरभजनच्या पूर्वीच्या अपराधांची संपूर्ण यादी न्यायमूर्तींपुढे ठेवलीच गेली नव्हती. कागदांनीही मौन धरले होते.

येथे एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. कुरापतीचा आरंभ सायमंड्सने केला होता. हरभजनने ब्रेट ली यास खेळीमेळीने बॅटीचा स्पर्श करून त्याच्या गोलंदाजीची तारीफ केली, ती सायमंड्सला खपली नाही आणि त्याने शिवीने सुरुवात केली. म्हणजे ज्या वहिवाटीचा त्याने आश्रय घेतला, त्याच वहिवाटीने त्यास पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकटे पाडले. एकदा 'येथे काहीही बोलण्याची मुभा आहे' असे ठरले की, कोणते शब्द त्या मुभेबाहेरचे, याचा वाद घालण्याचा अधिकार आपणच गमावून बसतो.

दुसरे प्रकरण याहून गंभीर आहे. 25 नोव्हेंबर 2014 रोजी सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूज हा तरुण फलंदाज मानेवर उसळता चेंडू लागून कोसळला आणि दोन दिवसांनी वारला. त्याचे वय अवघे पंचवीस. 2016 मध्ये न्यू साउथ वेल्सचे मृत्यूसमीक्षक मायकेल बार्न्स यांनी चौकशी केली. त्या दिवशी फलंदाजांना धमकीवजा शब्द ऐकवले गेले काय, असा प्रश्न निघाला. खेळाडूंपैकी कोणी नाकारले, कोणास आठवेना. मृत्यूस कोणी जबाबदार नाही, तो एक दुर्दैवी अपघात होता, असाच निष्कर्ष निघाला आणि तो योग्यच होता; त्या शब्दांमुळे चेंडू लागला असे म्हणण्यास काडीचाही आधार नाही. परंतु त्या दिवशी डिवचणे झालेच नाही, हे वारंवारचे नाकारणे आपणास मान्य करणे कठीण जाते, असे मृत्यूसमीक्षकांनी स्पष्ट लिहिले. आणि इतक्या सुंदर खेळाला अशी कुरूप बाजू का असावी, याचे बाहेरच्या माणसास नवल वाटते, अशा आशयाची खंत त्यांनी नोंदवली.

आम्हास या नोंदीने अंतर्मुख केले. एक मुलगा गेला आहे. समोर त्याचे आईबाप बसले आहेत. त्यांना केवळ इतकेच जाणून घ्यायचे आहे की, आपल्या मुलाच्या कानांवर शेवटच्या तासांत कोणते शब्द पडले. त्यांनी सूड मागितला नव्हता. आणि न्यायासनास देखील असे लिहावे लागते की, मिळालेल्या उत्तरांवर पूर्ण विश्वास ठेवणे कठीण आहे. त्या खेळाडूंत कोणी दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांतील बहुतेकांनी मित्र गमावला होता. परंतु वर्षानुवर्षे अंगी बाणलेली मौनाची शिस्त शोकालाही जुमानत नाही, हे त्या दिवशी दिसले. मैदानावरचे मैदानातच, या वचनाची परिसीमा ती हीच.

जिभेला दिलेली मुभा जिभेपाशी थांबत नाही, हेही अनुभवास आले आहे. सिडनीच्या प्रकरणास चार महिने होतात न होतात तोच, 25 एप्रिल 2008 रोजी मोहाली येथे सामना संपल्यावर हरभजनने आपलाच देशबंधू श्रीशांत याच्या थोबाडीत मारली आणि उरलेल्या हंगामास मुकला. 2018 च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचा प्रारंभ दर्बान येथील जिन्यातल्या शिवीगाळीने झाला आणि त्याच महिन्यात केपटाऊन येथे चेंडू पॉलिशच्या कागदाने घासण्यापर्यंत मजल गेली. स्मिथ व वॉर्नर यांस बारा महिन्यांची, बँक्रॉफ्ट यास नऊ महिन्यांची बंदी झाली. येथेही आम्हास बोचली ती घासण्याहून वेगळीच गोष्ट: त्या सायंकाळी जो कबुलीजबाब देण्यात आला त्यात 'ती चिकटपट्टी होती' अशी एक थाप होतीच, पॉलिशच्या कागदाची गोष्ट मागून उघड झाली. कबुली देतानाही खरे बोलवेना, इतके ते मौन हाडीमासी खिळले होते.

हे सारे पैशासाठी चालते, हे उघडे गुपित आहे. भांडणाचा वास आला की प्रेक्षक वाढतात. मुष्टियुद्धात महंमद अलीने ही कला कळसास नेली. 1975 च्या मनिला येथील लढतीपूर्वी त्याने जो फ्रेझर यास 'गोरिला' म्हणून जगभर हिणवले. फ्रेझर हा स्वतः कृष्णवर्णीय, अत्यंत गरिबीतून वर आलेला, आणि अलीवर बंदी असताना त्यास मदत करणारा. लढत चौदा फेऱ्यांत संपली. अपमान मात्र फ्रेझरच्या मनातून पाव शतक हलला नाही. 2001 मध्ये अलीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि ते सारे लढतीच्या जाहिरातीसाठी होते, असे सांगितले. इतक्या मोठ्या माणसास इतक्या उशिरा का होईना ते बोलावेसे वाटले, यात त्याचे मोठेपण आहे. पण जाहिरातीच्या खर्चात दुसऱ्याची अब्रू कोणत्या रकमेखाली मांडायची, हे हिशेबनिसांनी आम्हास सांगावे.

इथवर वाचून आमचे काही वाचक समाधानाने म्हणतील की, ऑस्ट्रेलियनांची चांगली हजेरी घेतली. त्यांना आता आम्ही आमच्या बडोद्यास नेतो. सिडनीच्या आधी तीन महिने, 11 ऑक्टोबर 2007 रोजी, येथील एकदिवसीय सामन्यात प्रेक्षकांच्या काही भागांतून सायमंड्सला उद्देशून माकडाचे आवाज काढण्यात आले. प्रथम ते नाकारण्यात आले. ते देवाच्या नावाचे घोष होते, असाही खुलासा पुढे आला. सहा दिवसांनी मुंबईस वानखेडे मैदानावर तोच प्रकार झाला. तेथे छायाचित्रकारांनी हावभाव टिपले, तेव्हा नाकारणे अशक्य झाले आणि पोलिसांना कारवाई करावी लागली.

आमच्या परिचयाचे कित्येक सभ्य गृहस्थ त्या दिवशी बडोद्याच्या मैदानात होते. पुढे कितीतरी दिवस आम्ही त्यांना विचारीत राहिलो. "अहो, एवढ्या गर्दीत कोण काय ऐकणार!" हे एक उत्तर. "माकड म्हणजे काय शिवी झाली? आमची आई आम्हाला दिवसातून चारदा म्हणते," हे दुसरे. पहिल्या उत्तराविषयी काय बोलावे? ते सिडनीच्या चौकशीतील उत्तराचे सख्खे भावंड आहे. दुसऱ्याविषयी मात्र वकील या नात्याने बोलले पाहिजे. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या घरात ठरत नसतो. तो कोणास, कोणत्या प्रसंगी, कोणत्या हेतूने उद्देशला यावरून ठरतो. अब्रूनुकसानीच्या दाव्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. आई मुलास माकड म्हणते तेव्हा तिचा हात त्याच्या पाठीवर असतो. हजारोंच्या गर्दीने एका सावळ्या परदेशी पाहुण्यास उद्देशून तोच शब्द ओरडला, तर त्यात वात्सल्य शोधणे हा भाषेशी केलेला कपटाचा व्यवहार होय. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आम्हीच रचली आणि आम्हीच ती खरी करून दाखवली.

आणि हे घडावे कोठे? तर विजय हजारे ज्या गावचे म्हणवले त्या गावात. जन्म सांगलीचा, परंतु बडोद्याने त्यांना आपले मानले आणि 2004 मध्ये त्यांनी डोळेही येथेच मिटले. 1948 च्या जानेवारीत अॅडलेड येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध, लिंडवॉल व मिलर यांच्या माऱ्यापुढे, हजाऱ्यांनी एकाच कसोटीत 116 आणि 145 अशी दोन शतके काढली. भारत तो सामना डावाने हरला. तरी तेथील नोंदवहीत बडोद्याचे नाव दोन शतकांनी लिहिले गेले. बरोबर साठ वर्षांनी, पुन्हा जानेवारीत, त्याच अॅडलेडला एका भारतीय खेळाडूने वंशाचा अपमान केला की आईचा, हे ठरवण्यासाठी न्यायाधीश बसवावा लागला. जुना काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणत नाही. तेव्हाही मैदानावर तोंडे सुटत असतील. फरक इतकाच की, त्याचे कोणी शास्त्र केले नव्हते.

खिलाडूवृत्ती म्हणजे मवाळ बोलणे, हसून हस्तांदोलन करणे, असा एक गैरसमज आहे. आमच्या मते खिलाडूवृत्तीची व्याख्या एकच: स्वतःच्या हिताविरुद्ध खरी साक्ष देण्याची तयारी. 1980 च्या फेब्रुवारीत वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी चालू होती. इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत परतले होते. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यास खात्री वाटली की चेंडू बॅटीस लागलेला नाही. त्याने पंचांस विनंती करून टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. 2003 च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या अॅडम गिलख्रिस्टने पंचांनी बाद दिले नसतानाही आपला झेल उडाला हे जाणून स्वतःच तंबूची वाट धरली. तोही व्यावसायिकच होता, आणि ज्या संघाच्या जिभेचा एवढा बोभाटा झाला त्याच संघाचा होता. यावरून दोष देशाचा नाही, वहिवाटीचा आहे, हे सिद्ध होते. मैदानावर जे घडले ते या दोघांनी मैदानावर राहू दिले नाही. ते सर्वांसमक्ष सांगितले.

मग करावे काय? नुसता निषेध करून थांबणे वकिलास शोभत नाही. तेव्हा आम्ही तीन मागण्या करतो. पहिली, मानधनातून कापलेला दंड ही शिक्षा नसून दरपत्रक आहे. 2013 मध्ये ब्रिस्बेन येथे मायकेल क्लार्कने इंग्लंडच्या अँडरसनला हात मोडून घेण्यास तयार राहा असे बजावले. दंड झाला मानधनाच्या 20 टक्के. एवढ्या किमतीत कोण गप्प बसेल? क्रिकेटच्या 2017 च्या नियमावलीतील 42 व्या नियमाने अशा वर्तनाबद्दल प्रतिपक्षास पाच धावा देण्याची सोय केली आहे. परंतु आंतरराष्ट्रीय सामन्यांत शाब्दिक अपराध खेळ संपल्यावरच्या आचारसंहितेकडेच सोपवलेले राहिले. ते मैदानावरच, तत्काळ, धावांनी मोजले जावेत. खिशाला न झोंबणारी गोष्ट धावफलकाला झोंबते. दुसरी, क्लार्कचे शब्द उघड झाले ते यष्टीजवळच्या ध्वनिक्षेपकामुळे. तो ध्वनिलेख हा पुरावा आहे. चौकशीत तो संपूर्ण पुढे आला पाहिजे. त्याचा आवाज कधी वाढवायचा आणि कधी मिटवायचा, हे प्रक्षेपणाच्या सोयीवर सोडता येणार नाही. तिसरी, आपल्या खेळाडूने काय उच्चारले हे चौकशीत खरे सांगणे कर्णधाराच्या कर्तव्यांत लेखी नमूद व्हावे, आणि खोटे सांगितल्याची शिक्षा मूळ शिवीहून जबर असावी.

राहिले प्रेक्षक, म्हणजे तुम्ही आणि आम्ही. सायमंड्स 14 मे 2022 रोजी मोटार अपघातात वारला. ज्या हरभजनशी त्याचा एवढा कलह झाला, त्याच्याच बरोबर तो 2011 मध्ये मुंबईच्या संघातून खेळला होता. त्या दोघांचे त्यांच्या परीने मिटले असेल. बडोद्याचे त्याच्याशी काही मिटलेले नाही. त्या दिवशी मैदानात जे होते, त्यांतील एकाने तरी उभे राहून सांगितले पाहिजे की, होय, ते आवाज आम्ही ऐकले, ते देवाचे नाव नव्हते, आणि आम्ही शेजाऱ्यास गप्प केले नाही. ही साक्ष नोंदवून घेण्यास आता कोणतेही न्यायासन बसलेले नाही. तरीही ती दिली पाहिजे.